बिनठिपक्यांच्या पाट्या

४ फेब्रुवारी

मी विचारलं काय आणि तू पाठवलंस काय. फोनवर तुला स्पष्ट विचारलं होतं की साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर तुझ्या बापानं रंगवलेली ती पिवळी पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत काय लिहिलंय ते सांग. तू म्हणालीस, कळवते. आणि आलं काय, तर स्वेटर. तोही असा की माझ्यासारख्या दोघी आत बसून गप्पा मारतील. शेवटी बाह्या कापल्या. एका बाहीची चहाच्या किटलीला टोपी झाली. किटलीला छान बसते.

आता आशीर्वाद घे आणि पुढचं वाच.

ठिपके, मला इंग्रजी शिकायचं आहे. हसून झालं असेल तर सांगते का ते. ह्या गावातल्या निम्म्या इंग्रजी पाट्या तुझ्या बापानं रंगवल्या आणि त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. बकरीचं चित्र काढणाऱ्याला बकरीची भाषा थोडीच येते, तसं त्याचं. गिऱ्हाईक कागदावर लिहून देतं, हा भिंतीवर काढतो. जन्मभर मी त्या पाट्यांखालून ये-जा केली. कुठे थांबा म्हणत होत्या, कुठे जाऊ नका म्हणत होत्या, देव जाणे. आता डोळे आहेत तोवर कळू दे.

दुसरं कारण, डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. त्यांच्या डबीत घडी घातलेला कागद असतो, रुमालाएवढा, सगळा इंग्रजी. केमिस्ट म्हणतो, जेवल्यावर घ्या. एवढंच असतं तर एवढा कागद कशाला छापला असता?

फोनवर शिकवते म्हणू नको. फोन वाजला की तुझा बाप धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला जातो आणि नळ असा सोडतो की मला तुझं काही ऐकू येत नाही. मग तू विचारतेस, आजी, पाणी कसलं वाजतंय? तेव्हा पत्रानंच शिकव. रोज संध्याकाळी परक्या माणसांना इंग्रजी शिकवतेस, त्यात एक म्हातारी वाढली तर बाकं मोडणार नाहीत.

तुझा बाप ठीक आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही. मीही सांगत नाही.

आजी

२० फेब्रुवारी

आजी,

स्वेटर परत मागवून बदलून देणार होते, पण किटलीला बसलाय तर राहू दे.

ती पिवळी पाटी मला कशी आठवणार नाही? तेव्हा शाळेत नुकती जायला लागले होते. बाबांनी सगळी अक्षरं काढली, मला शिडीवर चढवलं, सगळ्यात बारीक ब्रश हातात दिला आणि म्हणाले, आता तुझी पाळी. इंग्रजीत एक छोटी उभी दांडी असते, तिच्या डोक्यावर ठिपका द्यावा लागतो. बाबांच्या प्रत्येक पाटीवरचे ते ठिपके मी द्यायचे. त्यावरूनच तर ठिपकी नाव पडलं. कारखान्याचा मॅनेजर खालून म्हणत होता, अहो पेंटर, पोरीला उतरवा, पडेल. बाबा म्हणाले, ती उतरली तर पाटी अर्धी राहील.

पाटीवर लिहिलंय, 'ऑइल ऑन द फ्लोअर विल मेक यू स्लिप.' आपण म्हणू, फरशीवर तेल असलं तर घसराल. इंग्रजीत म्हणतात, तेल तुम्हाला घसरवेल. करणारं तेल, तुम्ही बिचारे.

माझ्या वर्गात सध्या हेच चाललंय. सायकलच्या दुकानावर एक लांब खोली आहे, खाली कोणी पंपानं हवा भरायला लागलं की माझं बोलणं थांबतं. हॉटेलच्या लाँड्रीतले दोघे येतात, बेकरीतली एक बाई येते, एक लिफ्ट दुरुस्त करणारा येतो. लिफ्ट अडकली एवढं सांगून त्याचं भागत नाही. मालक विचारतो, कशामुळे? मग त्याला शब्द लागतात. इंग्रजीत एकानं दुसऱ्याकडून काही करवलं की कितपत ढकललं ते आधी सांगावं लागतं. तू माझं नाक दाबून औषध पाजायचीस, ते 'मेक'. बाबांना केस कापायला पाठवायचं तर आठवडाभर मागे लागावं लागतं, गोड बोलावं लागतं, ते 'गेट'. न्हाव्याला सांगितलं की तो कापतो, ते 'हॅव'. आणि मी पावसात भिजत असायचे आणि तू खिडकीतून बघत मशीन चालवत राहायचीस, ते 'लेट'. आडवं न येणं.

ह्या परक्या मुलखात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, 'व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?' तुला इथे काय घेऊन आलं? जसं काही कुणी बोट धरून आणून सोडलं. वर्गात सगळे पटापट सांगतात. कुणाला काम घेऊन आलं, कुणाला नवरा, कुणाला लढाई. मला विचारलं की मी फळा पुसायला लागते.

गोळ्या कसल्या आहेत? कागदावरची ओळ उतरवून पाठव. घरी सगळे कसे आहेत?

ठिपकी

१५ मार्च

घरी सगळे म्हणजे कोण? घरात दोन माणसं आणि एक शिलाई मशीन. त्यातले मी आणि मशीन ठीक आहोत. उरलेल्याचं विचारायचं असेल तर सरळ विचार, गोल फिरून येऊ नको.

तुझं पत्र पोचलं. ही इंग्रजी मला आपल्या कोपऱ्यावरच्या शेजारणीसारखी वाटली. कुठे काही पडलं, फुटलं, की आधी कुणामुळे ते ठरवायचं आणि मगच झाडू हातात घ्यायचा. तेलानं घसरवलं म्हणे. तेल कुणी सांडलं ते पाटीवर आहे का? नाही ना. मग गरीब तेलावर सगळं ढकलून मॅनेजर मोकळा.

माझ्याकडे कालच एक बाई ब्लाउज घेऊन आली. पाठीला चुणी पडते म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे, काखेत ओढलं गेलंय. ती म्हणते, पण चुणी पाठीला आहे, तुम्ही काखेत का उसवताय? सगळी गिऱ्हाइकं अशीच. जिथे दिसतं तिथे बोट दाखवतात. ओढ दुसरीकडेच असते.

आता तू शिकवलंस त्यात मी तुमचं भांडण बसवून बघत होते. तू त्या स्टिकरवाल्याकडे कामाला लागलीस. बापानं हातानं काढलेल्या अक्षरांचे कागद नेऊन त्याच्या मशीनला खाऊ घातलेस. मग ते मशीन तुझ्या बापाची अक्षरं भराभर कापून द्यायला लागलं आणि लोक शिडीवाल्या पेंटरला विसरले. तू म्हणालीस, बाबांची अक्षरं मरू नयेत म्हणून केलं. तो म्हणाला, मी अजून मेलेलो नाही. त्यानंतर घरात जे बोलणं थांबलं ते तू बॅग भरेपर्यंत. आता ह्यात 'मेक' कुठलं, 'लेट' कुठलं, तूच सांग. शिकवणारी तू आहेस.

सोबत तीन ओळी आहेत. एक गोळ्यांच्या कागदावरची, एक बर्फाच्या कारखान्याच्या दारावरची, एक दवाखान्यासमोरची. अक्षरं मी काढली आहेत. एका ओळीला अख्खी दुपार जाते, तेव्हा नीट बघ आणि मगच नावं ठेव.

आजी

६ एप्रिल

आजी,

तुझ्या तीन ओळी वर्ग सुरू व्हायच्या आधी उघडल्या आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं. म्हणे मी काढली. बाबांच्या खाक्यांवरून गिरवलंस ना, खरं सांग? त्यांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी असतात ते कागद, अक्षरांच्या कडेनं सुईनं भोकं पाडलेले. भिंतीवर धरायचे आणि वरून खडूची पुरचुंडी आपटायची. एकेक अक्षर ओळखलं मी. रेघ जागोजागी जरा हलली आहे, पण तुझ्या वयाला हे फारच छान.

आता मास्तरीण बोलते. ठिपके राहिले आहेत. एकाही दांडीच्या डोक्यावर ठिपका नाही. का ते मला कळलं. खाक्यांवर ठिपके नसायचेच, ते शेवटी हातानं द्यायचे, ते काम माझं होतं. पण आता तू विद्यार्थिनी, तुला सूट नाही. जिथे जिथे राहिलाय तिथे लाल गोल केलाय आणि कागद परत पाठवतेय. पुन्हा लिही.

बर्फाच्या कारखान्यावर आहे, 'अ‍ॅन ओपन डोअर लेट्स द कोल्ड आउट.' दार उघडं राहिलं तर गारवा निघून जातो. बघ, इथेही 'लेट'. दार गारव्याला जाऊ देतं. दवाखान्यासमोर आहे, 'नॉइज कीप्स पेशंट्स अवेक.' आवाज आजाऱ्यांना जागं ठेवतो, म्हणून हॉर्न वाजवू नका.

गोळ्यांची ओळ वाचून मात्र जीव खाली-वर झाला. 'मे कॉज स्लीपिनेस' ठीक आहे, झोप येऊ शकते. 'मे कॉज' म्हणजे होईलच असं नाही, पण झालं तर आम्हाला बोल लावू नका. पण त्याच्या आधी लिहिलंय की ह्या गोळ्या हातांच्या थरथरीवर आहेत. आजी, तुझा हात थरथरतो आणि तू मला कळवलं नाहीस? सुई कशी ओवतेस? मशीनवर बसू नको.

भांडणाचं विचारलंस. त्यात बसवून बघण्यासारखं काय आहे? बाबांनी मला जायला लावलं. हे 'मेक'. तू मला जाऊ दिलंस. हे 'लेट'. इतकं सोपं वाक्य मी पहिल्या आठवड्यात शिकवते.

परवा इथे एक जुनी भिंत दिसली. बुटांच्या दुकानाची जाहिरात, हातानं रंगवलेली, निम्मी उडालेली. कुठेही टर्पेंटाइन नव्हतं आणि मला त्याचा वास आला. बस चुकवली. पुढच्या बसलाही हात केला नाही.

ठिपकी

२८ जून

लाल पेन तुला कुणी दिलं?

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर कागद जळला असता. आता जरा निवले आहे, तेव्हा ऐक. त्या ओळी गिरवलेल्या नाहीत. खाके कधीच वाळवीनं खाल्ले. तुझ्या बापानं काढल्या. आणि हात थरथरतो तो माझा नाही, त्याचा. मी अजून दिव्याशिवाय सुई ओवते. सांगून झालं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, मला इंग्रजी अक्षरं वळत नाहीत, तेवढ्या ओळी उतरवून दे. कुणाला पाठवायच्या, हे त्यानं विचारलं नाही. पाकीट समोरच पडलं होतं, पत्त्याची बाजू वर. म्हणाला, पट्टी दे. पाटी रंगवायची त्याची रीत तुला ठाऊक आहे. आधी ओळीतलं मधलं अक्षर शोधायचं, त्याच्याखाली पेन्सिलीची खूण करायची आणि तिथून सुरुवात. मग डावीकडे जायचं, मग उजवीकडे. वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, दोन्ही कडांना जागा सारखी उरली की झालं. कागदावरही तसंच केलं. उजव्या हाताखाली टेकायची काठी, काठीखाली डावा हात. रेघ जरा हलली म्हणालीस ना, ती अशी हलली.

तुझा कागद परत आला. त्यानं ते लाल गोल पाहिले. मग तुझं पत्रही वाचलं. मी दिलं नव्हतं, मशीनच्या ड्रॉवरमध्ये होतं, आपल्या घरात दुसरी लपवायची जागा आहे का? जायला लावलं, असं लिहिलंस तिथे बोट ठेवून म्हणाला, "आई, मी हिला जा म्हटलं होतं?"

मी म्हटलं, नाही.

"थांब म्हटलं होतं?"

मी म्हटलं, तेही नाही.

मग त्यानं ब्रश पुसून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पेटीत ठेवून दिले. तेव्हापासून ओळ काढ म्हटलं की म्हणतो, हात दुखतो. दुखत नाही त्याचा हात.

मला मात्र तुझं एक वाक्य खुपत राहिलं, ते काम माझं होतं, ते. मी तुझा लाल गोलांचा कागद पिशवीत घातला आणि पाट्या बघायला निघाले. लोक म्हणाले असतील, म्हातारी दुकानं लुटायचा बेत करतेय. साबणाच्या कारखान्यावर ठिपके आहेत, एक तर वाटाण्याएवढा आहे, शिडीवर हात निसटला असेल तुझा. शाळेच्या मागच्या फाटकावर आहेत. पाववाल्याकडे आहेत. मग बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवरच्या पाट्या बघितल्या, तिथे नाहीत. दवाखान्यासमोर नाहीत. न्हाव्याकडे नाहीत. दांड्या आहेत, डोकी नाहीत.

न्हाव्याला विचारलं, ही पाटी कधीची रे? तो म्हणाला, "तुमची नात गेली त्याच्या नंतरची. मला वाटलं आता अशीच फॅशन आली." दवाखान्याचा रखवालदार म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, पेंटर, वरचं काहीतरी राहिलंय. ते म्हणाले, मला माहीत आहे. आणि शिडी उचलून गेले."

पाय दुखेपर्यंत फिरले. तू असतानाची एक पाटी बिनठिपक्याची नाही. तू गेल्यानंतरची एकही ठिपक्याची नाही. स्टिकरवाल्याच्या तडाख्यातून जी थोडी कामं त्याच्याकडे उरली, ती सगळी तशीच. सगळं गाव वाचतंय आणि कुणाला कळत नाही.

घरी आले. तो खिडकीशी बसला होता. मी म्हटलं, "का रे, ठिपके का देत नाहीस?"

म्हणाला, "ते माझं काम नाही."

एवढंच. मग चहा मागितला. कप दोन्ही हातांनी धरला आणि मी चहाचं भांडं घासत बसले, बघितलं नाही असं दाखवायला.

डॉक्टर म्हणतो, थरथर वाढत जाणार. किती आणि कधी ते सांगत नाही. तोही तुझ्या 'मे कॉज'वालाच.

आता तू रडशील. रडून झालं की लिही. लाल पेननं नको.

आजी

१७ जुलै

आजी,

लाल पेन कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या वह्या निळ्यानं तपासल्या. लाँड्रीतला एकजण म्हणाला, मॅडम, आज आमच्या चुका दिसत नाहीत.

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरते. परत परत त्याच जागी येते. जा म्हटलं होतं? नाही. थांब म्हटलं होतं? तेही नाही.

मी निघाले त्या सकाळी बाबा समोरच मोच्याची पाटी रंगवत होते, तुला आठवत असेल. शिडीवर होते. मधलं अक्षर झालं होतं, डावीकडचं सगळं आधी करून ठेवलं होतं, उजवीकडचं करायचं होतं. मला त्याच रस्त्यानं जायचं होतं. मी बॅग ओढत शिडीखालून गेले. मुद्दाम हळू गेले. बॅगेचं एक चाक किरकिर करत होतं, ते त्यांना ऐकू आलंच असणार. मला वाटलं, आता उतरतील. किंवा नुसतं 'ठिपके' म्हणतील, मी वर चढून माझं काम करीन, आणि मग बस निघून गेलेली असेल. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला आणि पुढचं अक्षर घेतलं.

कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा त्यांची पाठ दिसली.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला घालवलं. घालवलं म्हणता येतं. अडवलं नाही, हे कुणाला कसं सांगायचं? मी वर्गात 'लेट' शिकवते तेव्हा म्हणते, हा मऊ शब्द आहे, ह्यात जोर नाही. आता ते म्हणवत नाही मला.

स्टिकरचं काम मी इथे येऊन काही महिन्यांतच सोडलं. तुम्हाला कळवलं नाही. इथल्या मशीनमध्येही बाबांची अक्षरं आली होती, कुठून कुठून फिरत. एका दुकानाच्या काचेवर मी स्वतः चिकटवली. खाली उतरून बघितलं तर सगळी अक्षरं सरळ होती, कडा स्वच्छ, आणि त्यात बाबा नव्हते.

त्यांना पत्र लिहायला बसते. 'बाबा' लिहिते आणि पुढे हात चालत नाही. माझा तर थरथरतही नाही. आजी, तू सांग ना त्यांना. सांग की मी तसं म्हणायला नको होतं. सांग की ठिपक्यांचं मला माहीत नव्हतं. तुला बरोबर सांगता येईल.

ठिपकी

५ ऑगस्ट

तू सांग ना म्हणे. मी काय तुमच्या दोघांमधली नळी आहे, इकडून ओतलं की तिकडून बाहेर? पन्नाशी उलटलेला मुलगा आणि शिकलेली नात, दोघांना तोंडं दिली आहेत, आणि बोलायला मी. फोन वाजला की हा ब्रश धुतो. कुणी विचारलं की तू फळा पुसतेस. दोघं मिळून जगातली सगळी धूळ घालवाल, पण एक शब्द काढणार नाही.

मी काही सांगितलं नाही त्याला. तुझं पत्र मशीनच्या ड्रॉवरमध्ये अगदी वर ठेवलं, ड्रॉवर अर्धा उघडा ठेवला आणि बाजारात गेले. हे तुमच्या इंग्रजीत 'मेक' आहे का 'लेट' ते तू ठरव. मी मुद्दाम वेळ लावला. कांदे एकेक निवडून घेतले, भाजीवाली म्हणाली, आजी, लग्न जमवताय का?

वाटेत मोच्याकडे थांबले. तू शिडीखालून गेलीस ती पाटी एकदा नीट बघायला. मधल्या अक्षरापासून डावीकडे सगळं कसं आखल्यासारखं. उजवीकडे ओळ खाली उतरत गेली आहे. पहिलं अक्षर थोडं, त्याच्या पुढचं जास्त, शेवटचं तर पार पाटीच्या कडेला टेकलंय. मी मोच्याला म्हटलं, अरे, ही वाकडी पाटी बदलून का नाही घेतलीस? तो म्हणाला, "तुमचा मुलगा चार वेळा आला होता बदलून द्यायला. मीच नको म्हटलं. आता लोक पत्ताच तसा सांगतात, वाकड्या पाटीचा मोची."

तेव्हा त्याचा हात थरथरत नव्हता, ठिपके. थरथर गेल्या वर्षीची आहे.

तो उतरला नाही, हे खरं. मी खिडकीत होते, मीही उतरले नाही. मला वाटलं, पोरीला जायचं आहे तर पायात कशाला यायचं. आजही मला ते चूक वाटत नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यावं. पण यायचं कुणी म्हणायचं नाही, असं कुठे लिहिलंय?

घरी आले तर टेबलावर पट्टी होती, पेन्सिलीचा भुगा होता आणि ब्रशची पेटी उघडी होती. हा आपला खिडकीशी, मी काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं. एक ओळ काढून ठेवली होती. ती ह्या पत्राच्या खाली चिकटवली आहे. शब्द तुझ्याच पत्रांमधून उचललेत, कुठला कुठून घेतला ते तू ओळखशील. एक शब्द तुझ्या पत्रांत नव्हता. तो त्यानं फर्निचरच्या दुकानाच्या पाटीवरून आणला, स्वतःच कधीतरी रंगवलेल्या. त्याचा अर्थ दुकानदाराला विचारून आला म्हणे, केस विंचरून, शर्ट बदलून. घराबाहेर कधी पडला ते मला कळलंही नाही.

'व्हॉट विल ब्रिंग यू होम?'

मी वाचून दाखव म्हटलं नाही. अर्थही विचारला नाही. एवढं इंग्रजी मला आता येतं.

रेघ हलली आहे. हलू दे. शेवटी प्रश्नाचं चिन्हही काढलंय, ते आकड्यासारखं. ओळीत दोन दांड्यांची डोकी मोकळी आहेत, आणि त्या आकड्याखालची जागाही त्यानं मोकळीच ठेवली आहे. मी म्हटलं, अरे, निदान हा तरी दे, हा काही दांडीवरचा नाही. म्हणाला, ठिपका तो ठिपका.

दवाखानेवाले नवी पाटी मागतायत. फळी आणली आहे, तासून, पांढऱ्या रंगाचा हात देऊन भिंतीला टेकवून ठेवली आहे. त्याला एकट्याला जमेल असं मला वाटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला तो हात लावू देणार नाही. तो सगळ्यात बारीक ब्रश कडक झाला होता, मी टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलाय. फार भिजला तर केस झडतात.

ह्या पत्राचं उत्तर मला पाठवू नको. माझ्या नावानं पाकीट आलं तर मी ते न फोडता किटलीखाली ठेवीन, टोपी आहेच तिला. विचारलंय त्यानं. उत्तर त्याला द्यायचं, तू द्यायचंस, आणि लिहिताना हात अडला तर बॅग भर आणि तोंडानं द्यायला ये.

आजी